सागवानी त्रिंकोमाली

युद्धनौकेचे मोठेपण तिने जिंकलेल्या लढायांवरून ठरविण्याची रीत फार जुनी आहे. तिच्यावर कोणता सेनापती उभा होता, तिच्या तोफांनी किती शिडे फाडली, कोणत्या शत्रूने तिच्यापुढे निशाण उतरविले, या गोष्टी इतिहासकार हौसेने लिहितात आणि मुले तितक्याच हौसेने वाचतात. या हिशेबाने पाहिले, तर त्रिंकोमाली या नौकेच्या खात्यावर फारसे काही जमा होणार नाही. कोणत्याही मोठ्या सागरी लढाईत तिने भाग घेतला नाही. परंतु ज्या नौकांनी तशा लढाया गाजविल्या, त्यांपैकी बहुतेक वादळात फुटल्या, आगीत जळल्या किंवा मोडीच्या भावाने विकल्या गेल्या. आणि मुंबईच्या गोदीत १८१७ साली जन्मलेली ही सागवानी नौका इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या गावी आजही पाण्यावर तरंगत उभी आहे. लाकूड आणि पाणी यांची सोबत दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकावी, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

या नौकेची कथा मुंबईत सुरू होत नाही. ती सुरू होते इंग्लंडातील ओक वृक्षांच्या रानांत. इंग्रजांचे आरमार ओकच्या लाकडाचे. एक मोठी युद्धनौका बांधावयाची म्हणजे एक अख्खे रान तोडावे लागे. नेल्सनची प्रसिद्ध व्हिक्टरी ही नौका बांधण्यास सुमारे सहा हजार झाडे लागली, असे सांगतात. ओकचे झाड जहाजाच्या कामास येण्याइतके जाड व्हावयास शंभर वर्षे लागतात, आणि नेपोलियनशी चाललेले युद्ध तर एक दिवसही थांबावयास तयार नव्हते. झाडे वाढण्यापेक्षा नौका बुडण्याचा वेग अधिक झाला. मग कच्चे, ओलसर लाकूडच घाईघाईने वापरले जाऊ लागले. त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. १८१० साली पाण्यात सोडलेली क्वीन शार्लट नावाची भव्य नौका समुद्रावर जाण्यापूर्वीच बुरशीने आतून पोखरली गेली आणि तिची मोठी दुरुस्ती करावी लागली. घाईत बांधलेल्या वस्तूची ही गत नेहमीचीच. पण शंभर तोफांच्या जहाजाची ती व्हावी, याची लाज इंग्लंडातील गोदीवाल्यांना फार दिवस पुरली असेल.

अशा वेळी आरमाराच्या अधिकाऱ्यांचे लक्ष हिंदुस्थानातील सागवानाकडे वळले. सागवानाच्या अंगी एक प्रकारचे तेल असते. त्या तेलामुळे त्याला कीड सहसा लागत नाही आणि पाण्याने ते लवकर कुजत नाही. ओकच्या लाकडात एक आम्ल असते; त्यात ठोकलेला लोखंडी खिळा हळूहळू गंजून जातो. सागवानात मात्र तोच खिळा वर्षानुवर्षे शाबूत राहतो. मलबारच्या डोंगरांतील हे लाकूड हत्तींकडून ओढवून नद्यांपर्यंत आणीत, नद्यांतून ते किनाऱ्यास येई आणि तेथून गलबतांनी मुंबईस पोहोचे. कोकणातील जुन्या घरांचे सागवानी खांब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या लाकडाच्या चिवटपणाविषयी निराळे सांगावयास नको.

लाकूड चांगले असले तरी हात चांगले हवेत. ते हात मुंबईत होते. १७३६ च्या सुमारास लवजी नुसरवानजी नावाचे एक पारशी कारागीर सुरतेहून ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस आले. त्यांच्या घराण्याचे वाडिया हे नाव जहाजे बांधण्याच्या धंद्यावरूनच पडले. लवजींच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीचा पाया घातला गेला. १७५० साली तेथे सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे दगडांनी बांधलेला एक प्रचंड हौद. भरतीच्या वेळी जहाज त्यात घ्यावयाचे, दार लावून पाणी बाहेर काढावयाचे, की जहाजाचा तळ माणसाला हात लावून तपासता येतो. मुंबईच्या भरतीओहोटीत पाण्याची पातळी पुष्कळ चढते-उतरते, म्हणून ही जागा या कामास विशेष सोयीची ठरली. लवजींनंतर त्यांचे पुत्र, आणि पुत्रांनंतर नातू, अशा पिढ्यांमागून पिढ्या या गोदीत मुख्य कारागिराच्या पदावर राहिल्या. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली मिंडेन ही नौका १८१० साली पाण्यात उतरली. इंग्लंडच्या बाहेर बांधलेली इंग्रजी आरमारातील ती पहिली मोठी लढाऊ नौका. तिच्यामागून १८१३ साली कॉर्नवॉलिस आली, १८१५ साली वेलस्ली आली. मुंबईच्या सुतारांच्या कामाची खात्री इंग्लंडातील अधिकाऱ्यांना पटली होती.

याच जमशेटजींकडे १८१२ च्या ऑक्टोबर महिन्यात एका फ्रिगेटची मागणी नोंदविण्यात आली. फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची, वेगवान लढाऊ नौका. मोठ्या युद्धनौकेला आरमाराचा हत्ती म्हटले, तर फ्रिगेट हा घोडा होय. टेहळणी करणे, निरोप पोहोचविणे, व्यापारी जहाजांचे रक्षण करणे ही तिची कामे. या नौकेचा नमुना मूळचा फ्रेंचांचा होता. १७८२ साली इंग्रजांनी पकडलेल्या हेबे नावाच्या फ्रेंच फ्रिगेटच्या मापांवरून तो तयार करण्यात आला होता. शत्रूपासूनही चांगले ते घ्यावे, हे व्यवहारज्ञान त्या काळच्या नौकाशिल्पींना चांगले अवगत होते.

नौकेचे नकाशे जावा नावाच्या जहाजावर चढवून हिंदुस्थानाकडे रवाना करण्यात आले. याच जहाजावर मुंबईच्या गोदीतील नौकांसाठी तांब्याचे पत्रेही होते, आणि मुंबईच्या सैन्याचे नियुक्त सेनापती सर टॉमस हिस्लॉप हेही होते. परंतु त्या वर्षी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कॉन्स्टिट्यूशन नावाच्या अमेरिकन फ्रिगेटने जावाला गाठले. दोन-तीन तासांच्या झुंजीत जावाच्या डोलकाठ्या एकामागून एक कोसळल्या, तिचा कप्तान प्राणांतिक जखमी झाला आणि अखेरीस तिला निशाण उतरवावे लागले. अमेरिकनांनी तिचे सुकाणूचे चाक काढून आपल्या नौकेला बसविले, कारण त्यांचे स्वतःचे चाक लढाईत उडून गेले होते. आणि जावाला आग लावून दिली. नकाशे गेले, तांबे गेले. एका नौकेच्या जन्मापूर्वीच तिची पत्रिका समुद्रात बुडाली, असेच म्हणावयाचे.

नकाशांच्या नव्या प्रती मुंबईस यावयास आणि काम सुरू व्हावयास १८१६ साल उजाडले. दरम्यान नेपोलियनचा वॉटर्लू येथे पराभव होऊन युद्ध संपलेही होते. ज्या युद्धासाठी नौका मागविली ते युद्ध उरले नव्हते. पण मागणी रद्द झाली नाही, आणि जमशेटजींनीही हात आखडता घेतला नाही. नौकेचा कणा, म्हणजे तळाची मुख्य तुळई, बसविताना पारशी रिवाजाप्रमाणे तीत चांदीचा एक खिळा ठोकण्यात आला. मग कण्यावर दोन्ही बाजूंनी बाकदार फासळ्या उभ्या राहिल्या. मासा खाऊन उरलेला सांगाडा उलटा धरून पाहिला, म्हणजे या अवस्थेतील नौकेची कल्पना येते. फासळ्यांवर आतून आणि बाहेरून जाड फळ्या बसविल्या गेल्या. फळ्यांच्या सांध्यांत तंतू ठासून त्यांवर डांबर ओतण्यात आले. तळाला तांब्याचे पत्रे मारण्यात आले. कारण उष्ण समुद्रांत लाकूड पोखरणारा एक किडा असतो, आणि तो तांब्यापाशी येत नाही. हे सारे काम वाकस, करवत, सामता आणि हातोडा यांनी केलेले. पुस्तकांत नाव येते ते जमशेटजींचे, आणि ते योग्यही आहे. परंतु मे महिन्याच्या उन्हात फासळी तासणाऱ्या, तिचा बाक डोळ्यांनीच जोखणाऱ्या शेकडो सुतारांचे हातही त्या प्रत्येक सांध्यात आहेत, हे विसरता येत नाही.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात सोडण्यात आली. सिंहलद्वीपातील प्रसिद्ध बंदरावरून तिचे नाव त्रिंकोमाली ठेवण्यात आले. लांबी सुमारे १५० फूट, रुंदी सुमारे ४० फूट, आणि खर्च सुमारे २३,००० पौंड. मुंबईत हा समारंभ चालला असता पुण्याकडे निराळेच वारे वाहत होते. त्या दिवसापासून बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबर रोजी, खडकीच्या मैदानात पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई जुंपली. आणखी एक योगायोग असा, की जावा नौकेवर अमेरिकनांच्या हाती सापडलेले तेच हिस्लॉप सुटून पुन्हा हिंदुस्थानात आले होते, आणि डिसेंबर महिन्यात महिदपूर येथे होळकरांविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेचे नेतृत्व त्यांनीच केले. मराठी राज्याचा सूर्य मावळत असता मुंबईच्या समुद्रात ही नौका पहिल्यांदा डुलली. तिच्या सुतारांना त्या दोन गोष्टींचा संबंध जाणवला असेल किंवा नसेलही. त्यांचे लक्ष बहुधा सांध्यांतून पाणी झिरपते की नाही, याकडेच असावे.

इंग्लंडास जाताना त्रिंकोमाली जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेना बेटावर थांबली. याच बेटावर नेपोलियन त्या वेळी कैदेत होता. त्याच्यासाठी चाललेल्या युद्धातून जिची मागणी निघाली, ती नौका त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली, आणि त्याच्यावर उपचार केलेल्या एका शल्यवैद्याला घेऊन पुढे निघाली. ३० एप्रिल १८१९ रोजी ती पोर्ट्समथला पोहोचली.

आणि तेथेच तिला बाजूला ठेवून देण्यात आले. युद्ध संपले होते, नौका उदंड झाल्या होत्या. डोलकाठ्या उतरवून, शिडे काढून, तोफांविना ही नवीकोरी नौका बंदराच्या एका कोपऱ्यात नांगरून पडली. एक नाही, दोन नाही, तब्बल सव्वीस वर्षे! एवढ्या काळात माणसाचे बालपण आणि तारुण्य दोन्ही सरतात. तिच्या आसपासची ओकची जहाजे कुजली, पण सागवानाला काही झाले नाही. १८४५ साली तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले तेव्हा तिचे अंग धडधाकट निघाले. अधिकाऱ्यांनी तिची मागील बाजू नव्या पद्धतीने घडविली, तोफांची संख्या कमी करून अधिक वजनदार तोफा चढविल्या, आणि कोर्व्हेट या वर्गात तिची गणना केली. १८४७ साली, म्हणजे जन्मानंतर तीस वर्षांनी, कप्तान वॉरन यांच्या हाताखाली ती प्रथमच खऱ्या कामगिरीवर निघाली.

ती कामगिरी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज यांच्या समुद्रातील होती. गुलामांच्या चोरट्या व्यापारावर पाळत ठेवणे, हैतीतील दंगलींच्या वेळी बंदरात हजर राहणे, न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात मासेमारीच्या हक्कांचे रक्षण करणे, अशी ती कामे. यात वीररसाला फारसा वाव नव्हता. एखाद्या मोठ्या शहरातील पोलीस शिपायाचे जे काम, तेच समुद्रावर या नौकेचे.

मात्र तिच्यावरील माणसांचे जीवन सोपे होते असे कोणी समजू नये. अडीचशेच्या आसपास माणसे त्या दीडशे फुटांत राहत, जेवत, झोपत. माणसे जेथे जेवत आणि झोपत त्या मजल्याची उंची इतकी कमी, की उंच माणसाला वाकूनच वावरावे लागे. रात्री तुळयांना कापडी झोळ्या टांगून, एकमेकांना खेटून झोपावयाचे. सकाळी त्या गुंडाळून ठेवावयाच्या. खावयास खारवलेले मांस आणि दगडासारखी कडक बिस्किटे. दर अर्ध्या तासाने घंटा वाजे आणि त्या घंटेवर दिवसाची सारी कामे बांधलेली असत. पहाटे फळ्या दगडाने घासून पांढऱ्या स्वच्छ करावयाच्या, हे तर नित्याचे व्रत. एकेका तोफेचे वजन दोन टनांच्या घरात. ती मागे ओढणे, ठासणे, पुढे लोटणे या कामाला माणसांचा एक गटच लागे, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असे. एक चुकला की सगळ्यांचा जीव धोक्यात.

त्या काळच्या युद्धनौकांवर मुलेही असत. बारा-चौदा वर्षांची, म्हणजे आज सहावी-सातवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्याच वयाची. लढाईच्या वेळी तळातील दारूच्या कोठीपासून तोफांपर्यंत दारूच्या पिशव्या धावत नेण्याचे काम त्यांच्याकडे असे. ही कोठी नौकेतील सर्वांत भयंकर जागा. तेथे दिवा नेण्याची मनाई होती; शेजारच्या खोलीत दिवा ठेवून मधल्या काचेतून उजेड घेत. आत जाणाऱ्याने ठिणगी उडू नये म्हणून पायांतील जोडे काढून मऊ सपाता घालावयाच्या. एका ठिणगीने सबंध नौका उडून जाण्याची ती जागा, आणि तिच्या दाराशी उभा बारा वर्षांचा मुलगा! शौर्याच्या कथा रंगवून सांगताना या मुलाची आठवण लेखक क्वचितच ठेवतात.

१८५२ साली त्रिंकोमाली दुसऱ्या कामगिरीवर निघाली. या वेळी कप्तान हाउस्टन तिच्यावर होते, आणि जावयाचे होते पॅसिफिक महासागरात. पनामाचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, जेथे वादळ हीच नित्याची हवा, तेथे वळसा घालून नौका पलीकडे गेली. याच काळात उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या सर जॉन फ्रँकलिन यांच्या दोन नौका माणसांसह नाहीशा झालेल्या होत्या, आणि त्यांच्या शोधासाठी अनेक मोहिमा निघाल्या होत्या. अलास्काकडील शोधनौकांना मदत पोहोचविण्याचे काम त्रिंकोमालीकडेही आले. मलबारच्या उन्हात वाढलेले सागवान आता हिमाच्या प्रदेशात फिरत होते. फ्रँकलिनच्या माणसांपैकी कोणी जिवंत सापडले नाही; त्यांच्या त्या दोन नौकांचे अवशेष थेट २०१४ आणि २०१६ साली समुद्राच्या तळाशी मिळाले.

पुढे क्रिमियाचे युद्ध सुरू झाले आणि रशियाचे पूर्व टोकाचे बंदर पेत्रोपावलोव्स्क हे इंग्रज-फ्रेंचांचे लक्ष्य ठरले. १८५४ सालचा त्यांचा पहिला हल्ला फसला होता. १८५५ साली मोठा ताफा पुन्हा तेथे गेला. त्या मोहिमेतील नौकांत त्रिंकोमाली होती. मुंबईतच एक वर्ष आधी जन्मलेली तिची सख्खी बहीण अँफिट्राइट हीसुद्धा त्याच समुद्रात होती. पण बंदरापाशी पोहोचून पाहतात तो काय, रशियन लोक तोफा आणि माणसे घेऊन केव्हाच निघून गेलेले! लढाईची तयारी होती, शत्रूच नव्हता. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांमध्ये एका खाडीला आजही त्रिंकोमालीचे नाव आहे, आणि तिच्याजवळच्या एका मार्गाला कप्तान हाउस्टन यांचे. नकाशावर कोरलेली ही दोन नावे हीच त्या पाच वर्षांची कमाई. १८५७ साली नौका इंग्लंडास परतली.

परतली, ती जुनी होऊनच. तिचे लाकूड जुने झाले नव्हते. जग बदलले होते. वाफेची यंत्रे आली होती. १८६० साली वॉरियर नावाची लोखंडी चिलखताची नौका पाण्यात उतरली आणि शिडांच्या लाकडी नौकांचे दिवस भरले. मग त्रिंकोमालीला निराळे काम मिळाले. प्रथम संडरलंड येथे, मग १८६२ पासून वेस्ट हार्टलपूल येथे, राखीव नाविक दलातील माणसांना तोफा चालविण्याचे शिक्षण देण्यासाठी ती बंदरात उभी राहिली. १८७७ साली तिला साउदॅम्प्टनकडे हलविण्यात आले. तेथेही तेच काम. लढाईसाठी घडविलेली ही नौका शाळा झाली, आणि खरे तर शाळा झाली म्हणूनच वाचली.

तरीसुद्धा १८९७ साली तिचे मरण जवळ आले. आरमाराला तिची गरज उरली नाही आणि मे महिन्यात ती मोडीत विकण्यात आली. जुनी जहाजे विकत घेणारे लोक त्यांतील तांबे आणि लाकूड काढून घेत व उरलेले जाळून टाकीत. त्रिंकोमालीचेही तेच व्हावयाचे. परंतु पुढच्याच महिन्यात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर एक वादळ आले.

त्या वादळाची हकीकत अशी. वेल्समधील जॉफ्री व्हीटली कॉब या धनिक गृहस्थांना जुन्या नौकांचे वेड होते. नेल्सनने एके काळी जिच्यावर आपले निशाण फडकविले ती फुद्रॉयां नावाची नौका आरमाराने विकली आणि ती जर्मन मोडवाल्यांच्या हाती गेली. इंग्लंडभर हळहळ झाली. कॉब यांनी ती परत विकत घेतली, स्वतःचा पैसा ओतून दुरुस्त केली, आणि मुलांना नाविक शिक्षण देण्यासाठी व खर्च भरून काढण्यासाठी ती किनाऱ्यावरच्या गावोगाव दाखवावयास सुरुवात केली. १६ जून १८९७ रोजी ब्लॅकपूल येथे वादळाने तिचे नांगर तोडून तिला वाळूवर फेकले. माणसे वाचली, नौका गेली. दुसरा कोणी असता तर त्याने हे वेड तेथेच सोडून दिले असते. कॉब यांनी फुटलेल्या नौकेच्या लाकडाच्या वस्तू करून स्मृतिचिन्हे म्हणून विकल्या आणि तिच्या जागी दुसरी नौका शोधली. मोडवाल्याच्या दारात उभी असलेली त्रिंकोमाली त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी ती घेतली, दुरुस्त केली, आणि गेलेल्या नौकेची आठवण म्हणून तिलाच फुद्रॉयां हे नाव दिले. मुंबईच्या नौकेला मोठ्या लढाईचे नाव मिळाले ते असे, उसने. जवळजवळ शंभर वर्षे ती त्याच नावाने ओळखली गेली.

फॅलमथ, मिल्फर्ड हेवन आणि १९३२ नंतर पोर्ट्समथ या बंदरांत तिच्यावर मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या शिकल्या. झोळ्यांत झोपणे, फळ्या घासणे, होडी वल्हविणे, दोरांच्या गाठी मारणे. जुन्या खलाशांचे सारे शिक्षण, फक्त दारूची कोठी तेवढी रिकामी. पुढे मुलीही तेथे येऊ लागल्या.

पोर्ट्समथमध्ये तिच्या शेजारी इंप्लॅकेबल नावाची एक वयोवृद्ध नौका उभी असे. ही मूळची फ्रेंच. ट्रॅफल्गारच्या लढाईत ती फ्रेंचांच्या बाजूने लढली आणि नंतर काही दिवसांतच इंग्रजांच्या हाती पडली. तिलाही कॉब यांनीच वाचविले होते. कीर्तीच्या मानाने पाहिले तर तिच्यापुढे त्रिंकोमाली कोणीच नव्हे. परंतु दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंप्लॅकेबलचे शरीर खिळखिळे झाले होते आणि दुरुस्तीचा खर्च करण्याची कोणाची तयारी नव्हती. २ डिसेंबर १९४९ रोजी तिला खाडीबाहेर ओढून नेले, तिच्यावर इंग्लंड आणि फ्रान्स या दोन्ही देशांची निशाणे चढविली, आणि सुरुंग लावून तिला समुद्राच्या तळाशी धाडले. ट्रॅफल्गार पाहिलेली नौका बुडाली. पेत्रोपावलोव्स्कचे रिकामे बंदर पाहिलेली उरली. हा न्याय म्हणावा की अन्याय, हे ज्याने त्याने ठरवावे. इंप्लॅकेबलच्या बाबतीत जे झाले ते व्हावयास नको होते, एवढे मात्र स्पष्ट म्हटले पाहिजे.

मुंबईच्या इतर भगिनींचीही वाताहत झाली होती. कॉर्नवॉलिसवर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला. पुढे तिचा धक्का म्हणून उपयोग करण्यात आला आणि १९५७ साली ती मोडण्यात आली. वेलस्ली टेम्स नदीत शाळा म्हणून उभी असता १९४० साली जर्मन विमानांच्या बाँबने बुडाली. विमान म्हणजे काय हे जिच्या सुतारांना स्वप्नातही ठाऊक नव्हते, तिचा अंत विमानाने झाला.

त्रिंकोमालीवरची शाळा १९८६ साली बंद झाली. आता तिचे काय करावयाचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी उत्तर आले ते हार्टलपूलहून. तेथील जहाजबांधणीचे कारखाने बंद पडले होते. पण जुनी वॉरियर नौका दुरुस्त करण्याचे काम त्या गावातील कारागिरांनी नुकतेच पुरे केले होते, आणि त्यांचे हात तयार होते. १९८७ साली त्रिंकोमालीला एका सपाट तराफ्यासारख्या जहाजावर चढवून तेथे आणण्यात आले. ज्या गावातून ती १८७७ साली गेली, त्याच गावी ती ११० वर्षांनी परतली. १९९२ साली तिचे मूळ नाव तिला परत देण्यात आले. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे दुरुस्ती चालली आणि तिला एक कोटी पौंडांहून अधिक खर्च आला. कारागिरांनी एकेक फळी काढून तपासली. ज्या कुजल्या होत्या त्या बदलल्या. काम संपले तेव्हा निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच, मुंबईत तासलेले, जागच्या जागी राहिलेले होते.

आज जगात तरंगत असलेल्या युद्धनौकांत वयाने त्रिंकोमालीहून वडील अशी एकच नौका आहे. नेल्सनची व्हिक्टरी अधिक जुनी खरी; परंतु ती १९२२ पासून सुक्या गोदीत आहे, तिच्याखाली पाणी नाही. १७९७ साली पाण्यात उतरलेली ती वडील नौका अमेरिकेत बोस्टनच्या बंदरात आहे. तिचे नाव कॉन्स्टिट्यूशन. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जिने जावाला जाळले आणि जिच्यामुळे त्रिंकोमालीचे पहिले नकाशे समुद्रात गेले, तीच ही. अटलांटिक महासागराच्या दोन काठांवर या दोघी आता म्हातारपण काढीत आहेत.

हार्टलपूलच्या त्रिंकोमालीच्या नाळेवर एका पुरुषाचा रंगीत अर्धपुतळा आहे. त्याच्या डोक्याला पागोटे आहे. पाहावयास येणारी मुले त्याच्यासमोरून नौकेवर चढतात, तोफा पाहतात, खालच्या मजल्यावर डोके सांभाळून हिंडतात आणि दारूच्या कोठीत डोकावतात. समुद्राचे खारे पाणी या लाकडाला फारसे बाधत नाही. वरून पडणारे पावसाचे गोडे पाणी मात्र फटींतून आत शिरते आणि तुळया कुजवू लागते. म्हणून वरच्या फळ्यांच्या सांध्यांत तंतू ठासून त्यांवर डांबर ओतण्याचे काम, जमशेटजींच्या गोदीत होत असे तसेच, तेथे अजून पुन्हा पुन्हा करावे लागते.